सावंतवाडी-दोडामार्गचं जंगल, नव्याने सापडलेले साप-पाली आणि जंगलतोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोडामार्ग, सावंतवाडी, आंबोली या पट्ट्यातल्या तोडीबद्दल काही लिहिलं की तेच प्रश्न परत परत येतात, कधी खरंच माहिती हवी म्हणून, कधी रागाने. दोन्ही प्रकारच्या लोकांना उत्तर द्यायचंय म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मोठं झालंय, तुम्हाला जो प्रश्न पडलाय तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

नक्की कुठल्या भागाबद्दल बोलताय?

सिंधुदुर्गाची दक्षिणेकडची बाजू. वर घाटमाथ्यावर आंबोली, चौकुळ, गेळे, आणि खाली उतारावर न् पायथ्याला सावंतवाडी-दोडामार्गची गावं, असनिये, घारपी, फुकेरी, तळकट, झोळंबे, कोलझर, कळणे, अशी. दक्षिणेला लागून गोव्याचं म्हादई अभयारण्य, पूर्वेला घाट चढलं की कर्नाटकातलं भीमगड. वाघ, हत्ती, गवे या तिन्ही राज्यांत याच पट्ट्यातून ये-जा करतात म्हणून याला सावंतवाडी-दोडामार्ग कॉरिडॉर म्हणतात. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, खाली दोडामार्गात त्याहून कमी पण तरी भरपूर. सदाहरित जंगल, मधेमधे कातळाचे सडे म्हणजे उघडी सपाट पठारं, बारमाही व्हाळ म्हणजे ओढे, देवराया. बांबर्ड्याला तर जायफळाच्या जातीच्या झाडांची पाणथळ राई आहे, जिला मिरिस्टिका स्वॅम्प म्हणतात, तसली जागा महाराष्ट्रात फार म्हणजे फारच दुर्मीळ.

इथे नवीन असं काय सापडलंय?

गेल्या पंधरा-एक वर्षांत बरंच. फक्त सरपटणाऱ्यांचंच बोलू.

२०१२ मध्ये कॅलिओफिस कॅस्टोई हा पोवळ्या सापाचा नवा भाऊबंद महाराष्ट्र-गोवा-कर्नाटकच्या या किनारी पट्ट्यातून जगासमोर आला. २०१६ मध्ये मेलॅनोफिडियम खैरेई, म्हणजे काळ्या रंगाचा खापरखवल्या साप, जमिनीच्या आत राहणारा. नाव दिलंय पुण्याच्या कात्रज सर्पोद्यानाच्या नीलिमकुमार खैरे यांच्या सन्मानार्थ. २०१७ मध्ये ऱ्हॅबडॉप्स ॲक्वाटिकस, हा पाण्यातला साप, सड्यावर साचलेल्या पाण्यात आणि व्हाळात रात्री फिरणारा, याची पिल्लं शेवाळी रंगाची आणि अंगावर काळे ठिपके. २०१८ मध्ये निमास्पिस आंबोलीएन्सिस ही छोटी डोंगरी पाल, आंबोलीच्याच नावाची, आणि त्याच अभ्यासात फोंडाघाटाकडची निमास्पिस लिमयेई. २०१९ मध्ये हेमिडॅक्टिलस वरदगिरी ही आंबोलीची पाल, सरीसृप अभ्यासक वरद गिरी यांच्या नावाने. २०२० मध्ये कळलं की आपण ज्याला सरसकट हरणटोळ म्हणत होतो त्यातला उत्तर सह्याद्रीतला जंगली हरणटोळ वेगळीच जात आहे, अहेटुला बोरिॲलिस.

बेडूक, देवगांडूळ, मासे, खेकडे धरले तर यादी अजून वाढते. आंबोलीचा छोटा टोड, झँथोफ्राइन टायग्रिना, २००९ चा, तो तर अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

एवढी वर्षं माणसं राहतायत तिथे, मग आत्ता कसे काय नवीन?

नवीन म्हणजे विज्ञानाच्या वहीत नवीन. प्राणी तिथे लाखो वर्षं आहेत, गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी ते बघितलेलेही असतात. फरक काय पडला तर पूर्वी दोन पाली साधारण सारख्या दिसल्या की एकाच नावाखाली जायच्या. आता खवले मोजतात, मांडीखालची छिद्रं मोजतात, डीएनए काढतात, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी म्युझियममध्ये ठेवलेले नमुने काढून शेजारी ठेवून बघतात आणि मग लक्षात येतं की अरे या डोंगरावरची वेगळी आणि त्या डोंगरावरची वेगळी.

दुसरं कारण, अभ्यास करणारी माणसं वाढली, आणि ती मराठी पोरं आहेत बरीचशी, रात्री टॉर्च घेऊन पावसात, जळवा झाडत फिरणारी. कोयनेच्या जंगलात सापडलेला बोइगा ठाकरेई हा मांजऱ्या साप घ्या. २०१९ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं, त्याआधी पश्चिम घाटातून मांजऱ्याची नवी जात मिळून सव्वाशे वर्षं झाली होती. तो बेडकांची अंडी खातो हेही तेव्हाच समजलं. म्हणजे नुसतं नाव नाही, तो कसा जगतो हे आत्ता आत्ता कळायला लागलंय, आणि नेमक्या याच वेळी जागा हातातून चाललीय, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

एक डोंगर तोडला तर प्राणी बाजूच्या डोंगरावर जातील की?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि सगळ्यात मोठा गैरसमजही हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

गवा जाईल. बिबट्या जाईल. निमास्पिस जाणार नाही. ही पाल आपल्या भिंतीवरच्या पालीसारखी नाही, बोटांना ते रुंद चिकट पॅड नसतात, डोळ्याची बाहुली गोल, दिवसा फिरते, अंगठ्याएवढं शरीर. तिला सावली लागते, दमट खडक लागतो, ठराविक गारवा लागतो. मधे दोनशे मीटर उघडी तापलेली लाल माती आली तर तिच्यासाठी तिथे रस्ता संपला. याच कारणाने तर सह्याद्रीत एकेका डोंगररांगेवर या पालींची वेगळी जात तयार झालीय, त्या फिरत नाहीत म्हणूनच.

व्हाळाच्या कडेला मोठा खडक पुढे आलेला असतो, खाली कायम सावली, पाणी टपकत असतं. त्या खडकाच्या पोटाला टॉर्च मारून बघितलं तर पांढरी अंडी चिकटवलेली दिसतात, वाटाण्यापेक्षा लहान, दोन-दोनच्या जोडीने. आणि त्या जोड्यांच्या आजूबाजूला जुन्या फुटलेल्या अंड्यांचे गोल पांढरे डाग, एकावर एक, वर्षानुवर्षांचे. म्हणजे बऱ्याच माद्या एकाच खडकावर येऊन अंडी घालतात, पिढ्यान् पिढ्या. आता त्या खडकावरची झाडं काढली, ऊन सरळ आत आलं, की एका उन्हाळ्यात तो खडक रिकामा होतो. खडक कुणी फोडायची गरज पण नाही.

खापरखवल्याचं अजून वेगळं. तो मातीत राहतो, गांडुळं वगैरे खातो. त्याला पालापाचोळ्याखालची भुसभुशीत ओली माती हवी. जेसीबीने डोंगर उतरवला की ती माती एक तर खाली व्हाळात जाते नाहीतर दबून कडक होते. तो पळून जायला वर येतो आणि वर आला की मरतो, किंवा कुणी विषारी समजून मारतो, तो अजिबात विषारी नाही तरी.

तर एखाद्या जातीचं अख्खं जग जर दोन-चार डोंगरांएवढंच असेल तर एक डोंगर म्हणजे किरकोळ नुकसान नाही.

पण तोडल्यावर तिथे रबर लावतात ना, ती पण झाडंच आहेत

झाडं आहेत, जंगल नाही. रबराच्या मळ्यात आधी सगळं साफ करतात, मुळासकट. मग डोंगराला पायऱ्या पाडतात. मग एकाच जातीची झाडं ओळीने. खाली काही उगवू देत नाहीत, तणनाशक मारतात. सहा-सात वर्षांनी चीक काढायला सुरुवात, मग माणसांची रोज ये-जा, पंचवीस-तीस वर्षांनी झाड म्हातारं झालं की पुन्हा सगळं तोडून नवीन. रबर जानेवारी-फेब्रुवारीत पानं गाळतं, म्हणजे नेमकं पाणी आटायला लागतं तेव्हाच खालची जमीन उघडी पडते. सदाहरित जंगलात वरची पानं बाराही महिने असतात, खाली उन्हाळ्यातही ओल असते, त्याच ओलीवर ही सगळी जनावरं जगतात.

आणि एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते. सरकारी रिपोर्टमध्ये वनाच्छादन वाढलं असं जेव्हा येतं तेव्हा मोजायची पद्धत अशी असते की एक हेक्टरपेक्षा जास्त जागेवर दहा टक्क्यांच्या वर झाडांची सावली असेल तर ते वनाच्छादन, मग जमीन कुणाची का असेना आणि झाड कुठलं का असेना. म्हणजे रबर पण धरलं, काजू पण धरला. सॅटेलाईटवरून हिरवंच दिसतं. त्यामुळे आकडे दाखवून कुणी म्हणालं की सिंधुदुर्गात जंगल चांगलं आहे तर विचारा, त्यातलं जंगल किती आणि बाग किती.

तोडतंय कोण?

याचं एका वाक्यात उत्तर नाही आणि ज्यांना एकच खलनायक हवाय त्यांना माझं उत्तर आवडणार नाही.

सिंधुदुर्गात बरंचसं जंगल खाजगी आहे, लोकांच्या सातबाऱ्यावर. जमिनी सामायिक, एका सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं, निम्मे भाऊबंद मुंबईत, काही पुण्याला, काहींचा पत्ताच नाही. डोंगराची जमीन, भात होत नाही, उत्पन्न शून्य. अशा वेळी कुणीतरी बाहेरचा येतो आणि एकरकमी पैसे देतो. बऱ्याच जमिनी केरळातल्या रबर आणि अननसवाल्यांनी घेतल्या हे खरं आहे, पण विकल्या आपल्याच लोकांनी हेही खरं आहे. काही ठिकाणी एका हिस्सेदाराने आपला हिस्सा विकला आणि घेणाऱ्याने डोंगरच साफ केला, बाकीच्यांना कळलं तेव्हा लाकूड गेलेलं होतं.

लाकूडवाला ठेकेदार वेगळा, तो झाडं उभी असतानाच सौदा करतो. त्यामागून जळाऊ लाकूड आणि कोळसा. मग जेसीबी. मग आग. मार्च-एप्रिलमध्ये तोडलेल्या उतारावर फांद्यांचे ढीग पेटवलेले असतात, संध्याकाळी लांबूनही दिसतात. सापसुरळ्या, पाली, पोवळे, जे काही ढिगाखाली गारव्याला शिरलेलं असतं ते तिथेच जातं. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की जो व्हाळ कायम स्वच्छ वाहायचा तो लाल होऊन येतो, तळाच्या दगडांमधल्या फटी गाळाने बुजतात, आणि त्या फटींमध्येच तर पाण्यातले साप दिवसा बसतात.

काजू लावणाऱ्या गरीब शेतकऱ्याला पण दोष देणार का?

दोष नाही, पण डोळे झाकून पण चालणार नाही. काजू आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे, त्यावर घरं चालतात, माझ्या घरातपण काजूच्या पैशाने शिक्षणं झालीत. जुनी काजूबाग, जिच्यात मधे किंजळ, जांभूळ, कोकम उभे असतात, खाली पाला असतो, बांधावर दगड असतात, तिच्यात बऱ्यापैकी जनावरं टिकतात. प्रॉब्लेम तेव्हा होतो जेव्हा चांगलं जंगल मुळापासून काढून कलमांची मोकळी बाग होते, मध्ये एकही दुसरं झाड नाही. दोन्हीला काजूच म्हणतात, पण जमिनीवर फरक प्रचंड आहे.

आणि खाणी?

कळण्याची लोखंडाची खाण सगळ्यांना माहीत आहे, जुलै २०२१ मध्ये तिथला बांध फुटून चिखलाचं पाणी गावात आणि बागांत शिरलं होतं. इतर गावांनीही खाणींना वर्षानुवर्षं विरोध केलाय. खाणीने होतं ते नुकसान डोळ्याला दिसतं म्हणून आंदोलन उभं राहतं, पण सर्व्हे नंबर सर्व्हे नंबर करत होणारी तोड एकत्र केली तर तीही मोठीच आहे, फक्त तिच्यावर मोर्चा निघत नाही.

झाडं तोडायला बंदी आहे ना इथे?

आहे. आवाज फाउंडेशन आणि वनशक्ती या पर्यावरण संस्थांच्या जनहित याचिकेवर मुंबई हायकोर्टाने २०१३ मध्ये दोडामार्ग आणि या कॉरिडॉरमध्ये वृक्षतोडीला बंदी घातली. त्याशिवाय खाजगी जमिनीवरही ठराविक झाडं तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागतेच. आणि १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या गोदावर्मन निकालाप्रमाणे जे जंगल आहे ते जंगल, मालक कुणीही असो.

तरी तोड झाली. मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाने निकाल देताना हे मान्य केलं की बंदी असूनही तोड चालूच राहिली, म्हणून लक्ष ठेवायला टास्क फोर्स करा असा आदेश दिला. जमिनीवर अडचण ही की तालुका डोंगराळ, गार्ड कमी, रस्ता नसलेल्या जागी तोड दोन दिवसात उरकते, सुट्टीच्या दिवशी तर हमखास. पंचनामा होतो तेव्हा बुंधे जळालेले असतात, मग कुठलं झाड होतं, किती जाडीचं होतं हेच सिद्ध होत नाही. आणि दंड झाला तरी लाकडाच्या किमतीपुढे तो काहीच नसतो.

इको सेन्सिटिव्ह झोन झाला की आम्हाला गावातून उठवणार का?

नाही. नाही आणि नाही. अभयारण्य, नॅशनल पार्क वेगळं आणि इको सेन्सिटिव्ह एरिया (ज्याला सगळे झोन म्हणतात, म्हणजे पर्यावरणासाठी नाजूक म्हणून जाहीर केलेला भाग) वेगळा. यात जमीन तुमच्याच नावावर राहते, विकता येते, घर बांधता येतं, दुरुस्त करता येतं, शेती करता येते, बागायत करता येते. पश्चिम घाटासाठी केंद्राने जे मसुदे काढले, त्यातला सहावा जुलै २०२४ चा, सहा राज्यांत मिळून ५६,८२५ चौरस किलोमीटर आणि त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर, त्यात बंदी आहे ती खाण, दगडखाण, वाळू उपसा, नवीन औष्णिक वीज प्रकल्प, लाल श्रेणीतले म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणारे कारखाने, आणि वीस हजार चौरस मीटरच्या वरची मोठी बांधकामं यांच्यावर. चालू खाणी पाच वर्षांत बंद करायच्या. तुमच्या परसातल्या गोठ्याशी याचा काही संबंध नाही.

ही भीती मुद्दाम पसरवली जाते असं मला वाटतं, आणि ज्यांना मोठ्या जमिनी घ्यायच्यात त्यांना ती सोयीची पडते.

हे २५ गावांचं प्रकरण काय आहे?

हे सगळ्यांना माहीत असायला हवं. २०१० मध्ये केंद्राने पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी माधव गाडगीळ समिती नेमली, २०११ मध्ये रिपोर्ट आला. त्या काळात सिंधुदुर्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी स्वतःहून ठराव केले की आमचं गाव इको सेन्सिटिव्ह करा. वरून लादलेलं नाही, खालून आलेलं. नंतर तोच रिपोर्ट पुन्हा तपासायला कस्तुरीरंगन समिती आली आणि तिच्या यादीतून हा दोडामार्गचा पट्टा निसटला. मार्च २०२४ च्या निकालात हायकोर्टाने सावंतवाडी-दोडामार्ग कॉरिडॉरमधली २५ गावं इको सेन्सिटिव्ह म्हणून जाहीर करायची प्रक्रिया ठराविक मुदतीत पूर्ण करा असं केंद्राला सांगितलं.

म्हणजे २०११ ते २०२४, तेरा वर्षं. जी पालीची जात २०१८ ला सापडली, जो साप २०१७ ला सापडला, त्यांचं घर तेव्हापासून वेटिंग लिस्टवर आहे. आणि या वेटिंगचा वाईट परिणाम असा की झोन येणार येणार अशी चर्चा उठली की लोक म्हणतात आत्ताच तोडून घ्या, उद्या तोडू देणार नाहीत. लांबलेली प्रक्रिया स्वतःच तोड वाढवते. म्हणून मी म्हणतो, करायचं तर पटकन करा आणि तोपर्यंतची बंदी खरोखर पाळा.

झोन झाला की तोड थांबेल?

आपोआप नाही थांबणार. वर लिहिलंय ते परत वाचा, शेती-बागायतीवर बंदी नाही, आणि रबर ही बागायतच धरली जाते. म्हणजे खाण थांबेल, मोठा प्रकल्प थांबेल, पण जंगल काढून रबर लावणं हे फक्त झोनच्या कागदाने थांबत नाही. त्याला हायकोर्टाची तोडबंदी, वृक्षतोड कायदा आणि गावाचा झोनल प्लॅन (कुठल्या जागेवर काय करता येईल ते ठरवणारा) हे तिन्ही लागणार. झोनसाठी आग्रह धरणाऱ्या माझ्याच मित्रांना मी हे सांगतो तेव्हा ते चिडतात, पण खोटी आशा देण्यात अर्थ नाही. हवं ते असं की अधिसूचनेतच स्पष्ट लिहा: नैसर्गिक जंगलाचं एकपिकी बागेत रूपांतर करता येणार नाही, आणि व्हाळाच्या दोन्ही बाजूंना, देवराईभोवती, सड्याच्या कडेला हात लावायचा नाही. पालींना आणि सापांना खरं वाचवणारी ओळ ती आहे.

तिलारी आणि आंबोलीत ऑलरेडी रिझर्व्ह झालंय ना?

झालंय, आणि चांगलंच झालंय. तिलारी संवर्धन राखीव २०२० मध्ये, २९.५३ चौरस किलोमीटर. त्याच वर्षी आंबोली-दोडामार्ग संवर्धन राखीवला मंजुरी मिळाली, साधारण ५७ चौरस किलोमीटर. पण हे वनखात्याच्या ताब्यातल्या जमिनीवर आहे. मधली खाजगी जमीन बाहेरच. नकाशावर ठिपके ठिपके दिसतात आणि ठिपक्यांच्या मधे तोड. वाघ ती मधली जागा रात्रीत ओलांडतो, पाल नाही ओलांडत, म्हणून पालीसाठी मधली खाजगी जमीनच महत्त्वाची.

आंबोलीच्या हिरण्यकेशीला नवीन मासा सापडला, शिस्टुरा हिरण्यकेशी, २०२० मध्ये, आणि पुढच्याच वर्षी ती दोन हेक्टरांची जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. बांबर्ड्याची राई पण तशीच वाचली. म्हणजे ठरवलं तर एका जातीसाठी पटकन निर्णय होतो, हे आपल्याच जिल्ह्यात झालंय.

नवीन जात जाहीर झाली की तिला कायद्याचं संरक्षण मिळत नाही का?

लगेच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात परिशिष्टं असतात, त्यात प्राण्यांची नावं असतात, २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन ती नव्याने लावली. तिथे नवीन सापडलेल्या छोट्या पालीचं नाव आपोआप जाऊन बसत नाही. तसंच धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीचं, आधी कुणीतरी किती जागेत आहे, किती धोका आहे याचा अभ्यास करायचा, मग वर्ग ठरतो. तोपर्यंत प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात त्या जातीचा उल्लेखही नसतो कारण अहवाल करणारा जुन्या यादीवरून लिहितो. म्हणून ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीने लोक जैवविविधता नोंदवहीत या जातींची नावं घालून घेणं फार गरजेचं आहे. ती वही कपाटात धूळ खायला नसते, तिचा दाखला देता येतो.

वाघ-हत्तीचं सोडून पालीसाठी कशाला एवढं?

वाघ इथून गेला तर दुसरीकडे वाघ आहेत, परत येऊ शकतात, हत्ती तर २००२ च्या सुमारास कर्नाटकातून इकडे आलेच. आंबोलीची पाल आंबोलीच्या आसपास संपली तर ती जगातून संपली. मला दोन्ही हवेत, पण जगात इतर कुठेच नसलेली गोष्ट सांभाळायची जबाबदारी आपल्या जिल्ह्यावर आहे, ती दुसरा कोण घेणार. आणि पाली-साप टिकतील असं जंगल ठेवलं तर व्हाळाला मे महिन्यात पाणी राहतं, ते पाणी आम्ही पितो, बागेला लावतो.

यात गोव्याचा काय संबंध?

तिलारी धरणाचं पाणी उत्तर गोवा पितो. ते पाणी ज्या डोंगरांवरून येतं तेच हे डोंगर. शिवाय वर सांगितलेले खापरखवल्या, पोवळा, पाण्यातला साप हे तिघेही गोव्यातसुद्धा आहेत. तिकडे म्हादईला व्याघ्र प्रकल्प करा असा हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. सीमेच्या एका बाजूला जंगल राखून दुसऱ्या बाजूला तोडलं तर दोन्हीकडचं अर्धं अर्धं उरतं.

गावातले लोक तरी जंगल का राखतील, त्यांना काय मिळतं?

काहीच मिळत नाही, हाच तर मुद्दा आहे. ज्याने डोंगर विकला त्याला पैसे मिळाले, ज्याने राखला त्याला गवा-माकडांचा त्रास आणि सातबाऱ्यावर वनसंज्ञेचा, म्हणजे ही जमीन वन आहे असा, शिक्का मिळाला. आंबोली-चौकुळ-गेळेच्या कबुलायतदार गावकर जमिनींचा (गावाने सामायिक कसलेल्या, पण कागदावर सरकारच्या नावावर गेलेल्या) प्रश्न किती वर्षं लोंबकळत राहिला बघा. लोकांचा सरकारी कागदावर विश्वास नाही आणि त्यांचं चूक नाही. उभं जंगल राखणाऱ्याला दरवर्षी हेक्टरी काही रक्कम थेट खात्यात, पिकाच्या नुकसानीची भरपाई वेळेत, कोकम-मिरी-जायफळ-वावडिंग असल्या सावलीतल्या उत्पन्नाला भाव, एवढं केलं तर निम्मी तोड थांबेल असं माझं ठाम मत आहे. हे न करता नुसतं नोटिफिकेशन काढलं तर गाव विरोधातच जाणार.

आम्हाला हे साप-पाली बघायला यायचंय, लोकेशन द्याल का?

लोकेशन देणार नाही, कुणीही मागू नका. पावसाळ्यात आंबोलीत रात्री टॉर्चवाल्यांची गर्दी होते, चापडा साप बसलेली फांदी वाकवायची, साप उचलून चांगल्या बॅकग्राउंडवर ठेवायचा, दगड उलटायचे आणि तसेच टाकून जायचे, हे प्रकार होतात. दगड उलटला की खालची ओल गेली. यायचं तर स्थानिक गाईड घ्या, वाटेवरून बघा, हात लावू नका. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साईटवर टाकताना लोकेशन झाकायचा ऑप्शन आहे तो लावा, आणि इन्स्टावर गावाचं नाव टाकू नका.

तोड चालू दिसली तर काय करायचं?

भांडायला जाऊ नका, एकट्याने तर नाहीच. लांबून फोटो-व्हिडिओ, तारीख-वेळ आणि जीपीएस येईल असे. गाडीचा नंबर दिसला तर तो. वनखात्याची हॅलो फॉरेस्ट १९२६ ही टोल फ्री लाईन आहे, तिथे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. मग तेच लेखी रेंजर आणि तहसीलदार दोघांना, पोच घेऊन. पोच फार महत्त्वाची, कोर्टात तीच लागते. बुंधे जळायच्या आधी त्यांचे फोटो शेजारी टेप ठेवून काढा. सर्व्हे नंबर सरकारच्या महाभूलेख साईटवर बघता येतो, तो तक्रारीत घाला नाहीतर महसूल आणि वन एकमेकांकडे बोट दाखवतात.

आमची गावी सामायिक जमीन आहे, आम्ही मुंबईत असतो, आम्ही काय करू शकतो?

तुम्हीच सगळ्यात जास्त करू शकता. पहिलं, सातबारा काढून बघा, तुमचं नाव आहे का, कुणी परस्पर हिस्सा विकलाय का. वारस नोंद राहिली असेल तर करून घ्या. दुसरं, घरच्या ग्रुपवर एकदा बोला की विकायचंच ठरलं तर आधी भावकीत विचारायचं आणि डोंगराचा व्हाळाकडचा भाग विक्रीतून वगळायचा. कुळाची देवराई किंवा देवाची जागा त्यात येत असेल तर ती मोजणी करून वेगळी काढा. बाग लावायचीच असेल तर लावा, पण व्हाळाच्या दोन्ही बाजूंची झाडं ठेवा, मोठे खडक आणि त्यावरची सावली ठेवा, मधेमधे किंजळ-जांभूळ-कोकम ठेवा, तण कोयत्याने काढा, औषध मारू नका, तोडलेल्या फांद्या पेटवू नका, तशाच कुजू दे. जेसीबीवाल्याला हे तोंडी सांगून उपयोग नाही, तो तासावर पैसे घेतो आणि सरळ रेषेत जातो. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी भावकीतला एक माणूस गावी पाठवा, ठेवायच्या झाडांना आणि खडकांना चुन्याचे पट्टे मारून घ्या, आणि काम संपेपर्यंत त्याला तिथेच थांबायला सांगा.